टकेटांचा उलटा पीळ

माझ्या डाकेच्या वाटेवर सत्तावीस गेटं होती. दर गुरुवारी जाताना सत्तावीस आणि येताना तीच सत्तावीस. गाडी थांबवायची, उतरायचं, गेट उघडायचं, गाडी पलीकडे न्यायची, पुन्हा उतरायचं, गेट लावायचं. नवरा वारल्यावर हे काम मी घेतलं तेव्हा लोक म्हणाले, नोलीनला जमायचं नाही. एकतीस वर्षं जमलं. माझे गुडघे गेले ते वयामुळे नव्हे, गेटांमुळे, आणि हे मी डॉक्टरलाही ठणकावून सांगितलंय.

त्या सत्तावीसांतली अकरा गेटं वर्न टकेटची, म्हणजे टिंडरी नावाच्या त्याच्या गुरांच्या रानाची. टिंडरीच्या एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत जायला मला दीड तास लागायचा, तोही रस्ता बरा असेल तर.

आमच्या भागात गेटाचा कायदा एकच. उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद दिसलं तर परत बंद करायचं. का उघडं, का बंद, हे विचारायचं नाही. ज्याची गुरं त्याला ठाऊक. एखाद्यानं दारू पिऊन पोलिसाच्या थोबाडीत मारली तर आमच्याकडे लोक चार महिन्यांत विसरतात. पण गेट चुकवलेल्या माणसाचं नाव त्याच्या नातवंडांपर्यंत निघतं. अशा मुलखात वर्न टकेटनं चारचौघांत माझं नाव घेतलं. ते सांगायचंच आहे, पण आधी वर्न सांगायला हवा, नाहीतर तुम्ही उगाच त्याचा राग कराल. त्याचा राग करायचा हक्क माझा आहे आणि तो मी मनसोक्त वापरून झाला आहे.

टिंडरी वर्नच्या आजोबानं, एमॉसनं, वसवली असं म्हणतात. तिथं आधी माणसं नव्हती असं नाही. वर्नला घोडा आणि गाय शिकवली ती हेक्टर नावाच्या म्हाताऱ्यानं, आणि हेक्टरची माणसं त्या नदीकाठी कधीपासून होती याचा हिशोब कुणाकडे नाही. वर्न स्वतःच म्हणायचा, "आम्ही आपले चार पिढ्यांचे. हेक्टरच्या मोजायला बसलो तर बोटं पुरायची नाहीत. त्यात एमॉसला तर आठच होती."

ती दोन बोटं एका बैलाच्या दोरात गेली, उजव्या हाताची. तेव्हापासून एमॉस सगळं डाव्या हातानं करायला शिकला, गेट लावणंसुद्धा. आमची गेटं लोखंडी नसतात, तारांची असतात. पाच तारा, दोनतीन काठ्या, आणि शेवटची काठी खांबाला जाड तारेच्या वेढ्यानं बांधलेली. त्या वेढ्यात हातभर दांडकं घालून पीळ द्यायचा आणि दांडकं तारेमागे खोवायचं. सगळा मुलूख पीळ उजवीकडे देतो. एमॉस डावीकडे द्यायचा, त्याचं बघून त्याचा मुलगा लेस तसाच द्यायला लागला, लेसचं बघून वर्न, वर्नचं बघून त्याची मुलं. बोटं एकाची गेली आणि चार पिढ्या उलट्या फिरल्या. नवखा माणूस टिंडरीचं गेट सोडायला गेला की ते आणखी आवळलं जायचं, आणि तो टकेटांच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करायचा. वर्नला याचा कोण अभिमान! पीळ बघून तो सांगायचा, "काल नोलीन गेलेली दिसतेय. पीळ सरळ आहे."

सात वर्षांचा असताना वर्ननं एकदा गेट उघडं टाकलं होतं. लेसचे दोन माजलेले वळू शेजाऱ्याच्या गायींत घुसले. लेस मारकुटा नव्हता. त्यानं पोराला त्या गेटाच्या जागी दोन्ही हात पसरून उभं केलं आणि म्हणाला, "गेट नाही, तर आता तू गेट." दुपारपासून दिवस मावळेपर्यंत. हे वर्ननं मला हसत हसत सांगितलं होतं, पण सांगताना त्याचे हात आपोआप बाजूला पसरले होते, ते मी पाहिलं.

बाकी आयुष्य गायीमागे गेलं. वशिंडाच्या लालसर संकरित गायी, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारख्या. वर्न त्यांना चेहऱ्यानं ओळखायचा. आईवरून वासरू आणि वासरावरून आजी सांगायचा. एका करड्या नजरेच्या म्हातारीचं नाव त्यानं आपल्या शाळेच्या बाईंवरून मिसेस पर्किन्स ठेवलं होतं. ती भाकड होऊन सहा वर्षं झाली तरी विकायच्या ट्रकमध्ये तिला चढवायचा त्याला धीर झाला नाही. चौऱ्याहत्तरच्या पुरात तो घोड्याच्या शेपटीला धरून पोहत गेला आणि टेकाडावर अडकलेल्या दोनशे गायींबरोबर अकरा दिवस राहिला. परत आला तेव्हा त्याची बायको डॅफ म्हणाली, "आंघोळ कर, मग रडते." पुढे आठ वर्षं पाऊस हरवला तेव्हा तो रोज पहाटे मुल्गाची, म्हणजे रानबाभळीची, झाडं तोडून गुरांपुढे टाकायचा. हाताला घट्टे असे पडले होते की त्याच्याशी हात मिळवला तर आपल्यालाच खरचटायचं. शहरात एकदाच गेला, डोळे तपासायला. दोन दिवसांत परत आला आणि म्हणाला, "तिथं क्षितिजच नाही गं, माणूस बघणार कुठं?"

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. गाडी चालवणारा गेटासाठी उतरत नाही. डावीकडे बसलेला उतरतो. म्हणून मालक नेहमी उजवीकडे. चौदाव्या वर्षी लेसनं गाडीचं चाक हातात दिलं, त्यानंतर वर्न डावीकडे कधी बसला नाही. चाळीस वर्षं डॅफ उतरली. ती म्हणायची, "माझं लग्न वर्नशी नाही झालं, अकरा गेटांशी झालं." डॅफ गेली त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. मी मागून डाक घेऊन येत होते. पुढे वर्नची पिकअप गेटापाशी उभी. मी पाच मिनिटं थांबले, दहा मिनिटं थांबले. शेवटी जाऊन काचेवर टकटक केली. तो समोर बघत बसला होता. म्हणाला, "सवय गं." मग उतरला आणि स्वतः गेट उघडलं. मी शिव्या देत माझ्या गाडीकडे परत गेले.

त्याला दोन मुलं. नील मोठा, जिल धाकटी. नील विसाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत गेला तो गेलाच. वर्न तीस वर्षं म्हणत राहिला, "नील येईल." इकडे जिल घोडे वठणीवर आणत होती, वासरं डागत होती, बोअरचे पंप उतरवून दुरुस्त करत होती. तिचा नवरा दोन वर्षं राहून किनाऱ्याला परत गेला, त्याला माणसांची सवय होती. जिल पोरीला घेऊन तिथंच राहिली.

एका गुरुवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात काळा चहा आणि फ्रूटकेक खात बसले होते. वर्न तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा. पिकअपच्या पुढच्या बाजूला नवा पोचा पडलेला मी येतानाच पाहिला होता.

जिल म्हणाली, "डॅड, आता गाडी माझ्याकडे दे. आणि गुरा-पाण्याची रोजची फेरीपण."

"का? झाड मधे आलं."

"ते झाड एमॉसच्या वेळेपासून तिथंच आहे."

"मग त्याला कळायला नको?"

मी हसले. जिल हसली नाही. ती म्हणाली, "मी पन्नाशीला आले. मला एकदा तरी सांग, हे माझं आहे की मी इथं नोकरीला आहे?"

वर्ननं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ज्या दिवशी माझ्या हातून गेट चुकेल त्या दिवशी किल्ल्या तुझ्या. मी डावीकडे बसेन. नोलीन साक्षीला."

"मला कशाला ओढतोस?" मी म्हणाले.

"तू रोज खोटं बोलत नाहीस म्हणून," तो म्हणाला. त्याच्याकडून याहून मोठं कौतुक मला कधी मिळालं नाही. मी आणखी एक तुकडा केक घेतला.

पुढचा उन्हाळा, आमच्याकडे तो डिसेंबरातच येतो, वाईट निघाला. पश्चिमेच्या कुरणातलं तळं नाताळाआधीच चिखल झालं आणि जानेवारीत त्या चिखलालाही भेगा पडल्या. त्या गुरांना पाणी म्हणजे एकच, कुंपणापलीकडची पाच नंबरची बोअर. म्हणून वर्ननं मधलं, पाच नंबरचं गेट उघडून ठेवलं. गुरं सकाळ-संध्याकाळ त्यातून जायची, हौदावर पाणी प्यायची, परत यायची. गुरुवारी मी त्या उघड्या गेटातून गेले आणि ते उघडंच ठेवून पुढे गेले. त्याच शनिवारी जिल टूवूंबाला गेली, तिच्या पोरीचं बाळंतपण होतं. टिंडरीवर वर्न एकटा.

पुढच्या गुरुवारी मला घारी आधी दिसल्या, मग वास आला. टेकाडावरून गाडी खाली आली तर गेट बंद, आणि गेटापाशी गायी. काही उभ्या, काही बसलेल्या, काही आडव्या. जिवंत होत्या त्यांना हंबरायला घशात ओल नव्हती. मी गाडी चालूच ठेवून धावले. पन्नास वर्षांत धावले नव्हते तशी धावले. दांडक्याला हात घातला, हात आपोआप टकेटांच्या बाजूनं फिरला आणि तार लगेच सुटली.

सुटली तेव्हाच मला कळलं. पीळ उलटा होता.

गायी माझ्या अंगावरून गेल्या. काही हौदापर्यंत पोचल्या नाहीत. एकतीस गेल्या. मिसेस पर्किन्स गेटाच्या खांबाशीच पडली होती, तोंड पाण्याच्या दिशेला करून. मी बिनतारी संचावर वर्नला हाक मारली. तो आला, गाडीतून उतरला आणि त्या म्हातारीच्या मानेशी गुडघ्यावर बसला. मी त्याला काही सांगणार होते. त्याचं तोंड बघून माझं तोंड मिटलं.

तो उठला तेव्हा त्यानं डोक्यात राख घालून घेतली होती. "तू लावलंस."

"मी? मी उघडं सोडलं होतं."

"मग कोणी लावलं? जिल नाही इथं. मी माझ्या हातानं ते उघडं ठेवलंय, जानेवारीच्या दोन तारखेला. या रस्त्यानं दुसरं कोण जातं? तुझं लक्ष नसतं आजकाल. गेट दिसलं की लावून मोकळी."

सव्वीस वर्षं. चौपन्न वेळा दर गुरुवारी. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त: वर्न, पीळ उलटा होता. ते वाक्य जिभेवर होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे तो केक, तो कप, ते डावीकडे बसणं. सगळं त्याच्या एका वाक्यावर होतं आणि त्याचा साक्षीदार मी. गाडी गेली की फेरी जाणार, फेरी गेली की हा म्हातारा खुर्चीत बसणार, आणि खुर्चीत बसला की वर्षसुद्धा काढायचा नाही, हे मला दिसत होतं. आणि त्याहून वाईट, त्या गायी आपल्या हातानं गेल्या हे त्याला कळणार. मी म्हणाले, "जा खड्ड्यात," आणि निघून आले.

मी काही संत नाही. पहिला दिवस दया होती. नंतर नुसता राग. कळू दे म्हटलं त्याला त्याचं तोच.

दुसऱ्या गुरुवारी पाच नंबरच्या गेटावर पत्र्याचा तुकडा लटकत होता, लाल रंगानं लिहिलेला: नोलीन, गेट असेल तसं ठेव. त्या रस्त्यानं दुसरं कोण जातं म्हणाला होता ना? सगळे जातात पाटी वाचायला! एप्रिलच्या घोड्यांच्या शर्यतीत माझ्या टेबलावर कुणी बसेना. ज्यांच्या पोरांच्या पुस्तकांचे खोके मी चिखलातून पाठीवर नेले होते ते माझ्यासमोर हवापाण्याचं बोलायला लागले. वर्ननं आपली डाक माझ्याकडून बंद केली. दर पंधरा दिवसांनी स्वतः गावात जाऊन घेऊन यायचा. पण माझा रस्ता त्याच्याच जमिनीतून, त्याच्याच अकरा गेटांतून. मी प्रत्येक गेट असेल तसं ठेवत होते, दात-ओठ खाऊन.

जिल टूवूंबाहून आली ती एकदा माझ्या वाटेत उभी राहिली. "नोलीन, एकच विचारते. पीळ कुठल्या बाजूचा होता?"

"गायी मरत होत्या. पीळ कोण बघतं?"

"तू बघतेस," ती म्हणाली. मी गिअर टाकला.

जून आला, थंडी पडली, गुरं गोळा करायचे दिवस आले. एका गुरुवारी पाच नंबरच्या गेटापाशी पोचले तर वर्न तिथं उपड्या डब्यावर बसलेला. शेजारी थर्मास आणि दोन कप. कुत्रं पायाशी. पाच महिन्यांत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. गेट बंद होतं, तो उठला नाही, म्हणून मलाच उतरावं लागलं.

"चहा घे," तो म्हणाला.

"उशीर होतोय."

"बस गं पोरी." मी बासष्ट वर्षांची. बसले.

त्यानं चहा ओतला. थोडा सांडला. म्हणाला, "सात नंबरचं गेट आहे ना. काल सकाळी मी ते उघडं ठेवलं, गायींना पुढं काढायचं होतं म्हणून. दुपारी परत येताना उतरलो, लावलं, पीळ दिला, गाडीत बसलो. मैलभर गेल्यावर अंगावर काटा आला. हे मी काय केलं? परत गेलो. माझाच पीळ. नोलीन, लावताना मला काहीच वाटलं नव्हतं. हात आपले लावून मोकळे झाले. उघडं गेट दिसलं की मी सात वर्षांचा होतो आणि बाप मागे उभा असतो."

कुत्र्यानं जांभई दिली.

"आता सांग," तो म्हणाला. "त्या दिवशी तू सोडलंस. पीळ कुठल्या बाजूचा होता?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दाढी नीट झाली नव्हती, कानाखाली पांढरा पट्टा राहिला होता. पाच महिने मी या प्रश्नाची वाट बघितली होती. उत्तर कसं फेकायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, सगळं गाडी चालवताना घोकून ठेवलं होतं. आणि वेळ आली तेव्हा म्हणाले, "सरळ होता."

वर्न हसला, अगदी थोडा. "तू रोज खोटं बोलत नाहीस. सवय नाही तुला, लगेच कळतं."

"वर्न..."

"मी उभ्या जन्मात पीळ बघितल्याशिवाय कुणाचं नाव घेतलं नाही. त्या दिवशी तुला विचारलंसुद्धा नाही. का नाही विचारलं? तेव्हापासून रोज स्वतःला हेच विचारतोय." त्यानं कप मातीत उपडा केला. "कारण मला आत कुठंतरी माहीत होतं गं. आणि चाक सोडवत नव्हतं."

मग तो रडला. एकतीस गायींसाठी रडला, मिसेस पर्किन्सचं नाव घेऊन रडला, आणि माझा हात धरला तेव्हा मला खरचटलं. मीही रडले. कुणी पाहिलं नाही, कुत्र्यानं पाहिलं.

डोळे पुसून तो आपल्या पिकअपकडे गेला आणि बिनतारी संचाचा माइक ओढून घेतला. आमच्याकडे प्रत्येक गाडीत, प्रत्येक स्वयंपाकघरात तो संच चालू असतो आणि प्रत्येकाचं बोलणं प्रत्येकजण ऐकतो. ऐकत नसल्याचं सोंग मात्र नीट करतो. मी म्हणाले, "अरे, जिलला सांग, पुरे झालं."

"पाटी गेटावर लावली होती, घरात नव्हे," तो म्हणाला आणि बटण दाबलं. "टिंडरीवरून वर्न टकेट बोलतोय. सगळ्यांनी ऐका. जानेवारीत पाच नंबरचं गेट मी लावलं होतं. मी स्वतः. नोलीननं नाही. एकतीस गायी माझ्या हातानं गेल्या, आणि मी पाच महिने तिचं नाव घेतलं. संपलं."

काही वेळ नुसती खरखर. मग कुणीतरी म्हणालं, "ऐकलं, वर्न." मग आणखी एक आवाज, "ऐकलं." मग एका पाठोपाठ एक, दक्षिणेच्या टोकापासून नदीपर्यंत, बायका, पुरुष, "ऐकलं", "ऐकलं". शेवटी शेजारचा क्लॉड म्हणाला, "वर्न, माझं गेल्या वर्षीचं गेटपण तूच का रे?"

"नाही," वर्न म्हणाला, "ते तुझ्या बायकोनं. मी पीळ बघितला होता."

संचावर हशा पिकला. तो शांत झाला तेव्हा जिलचा आवाज आला, अगदी हळू. "डॅड, कुठं आहेस? मी येते."

ती घोड्यावरून आली. घोडा कुंपणाला बांधला. वर्ननं खिशातून किल्ल्या काढल्या, त्यांना डॅफनं लावलेला कातडी तुकडा अजून होता. त्या जिलच्या हातात दिल्या. भाषण नाही, काही नाही. मग पिकअपला वळसा घालून डावीकडचं दार उघडायला गेला. ते उघडेना, इतकी वर्षं त्या बाजूनं कुणी बसलंच नव्हतं. जिलनं आतून लाथ घातली तेव्हा उघडलं. तो बसला. गाडी चार हात पुढं आली आणि गेटापाशी थांबली.

जिल समोर बघत राहिली. मीही दुसरीकडे बघितलं. दार करकरलं. वर्न उतरला, गेट उघडलं, गाडी जाऊ दिली, गेट लावलं, डावीकडे पीळ दिला. मग दांडक्यावरचा हात काढून तो पीळ पुन्हा एकदा नीट बघून घेतला.

पुढच्या गुरुवारी पाटी तिथंच होती. माझं नाव तेवढं खरवडून काढलं होतं आणि त्या जागी लिहिलं होतं: वर्न, गेट असेल तसं ठेव.

मला वाटलं होतं तो वर्षभरही काढायचा नाही. चार वर्षं काढली. रोज डावीकडे बसून अकरा गेटं, आणि वर तोंडाची टकळी. जिल म्हणायची, "डॅडला डावीकडे बसवला तेव्हापासून गाडीत रेडिओ लागत नाही." प्रत्येक गेटापाशी तो उतरण्याआधी मोठ्यानं म्हणायचा, "उघडं!" किंवा "बंद!", आणि जिल म्हणायची, "ऐकलं." ही त्यांचीच युक्ती, एकदाही चुकली नाही. जमिनीच्या कागदावर जिलचं नाव लागलं. नील आला होता सहीला, बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. जिलची पोर बाळाला घेऊन हिवाळ्यात यायला लागली, आणि वर्न त्या पणतीला मांडीवर घेऊन गायींची नावं सांगायचा. ती सगळ्यांना कुत्रा म्हणायची. त्याला चालायचं.

ऑगस्टमधे तो झोपेतच गेला. टकेटांची थडगी टेकाडावर आहेत, एमॉस, लेस, डॅफ, आणि थोडं बाजूला हेक्टर. घरापासून तिथपर्यंत तीन गेटं. शवपेटी पिकअपच्या मागे ठेवली होती, चाकावर जिल. "माझी मी नेईन," म्हणाली, कुणाला शेजारी बसू दिलं नाही. मागे माझी डाकेची गाडी, तिच्यामागे मुलूखभरच्या गाड्यांची रांग, धुळीत शेवट दिसत नव्हता.

पहिल्या गेटाशी पिकअप थांबली. उभीच राहिली. गेट बंद होतं. मागे कुणीही भोंगा वाजवला नाही. मला आधी कळेना, मग कळलं. तिच्या डावीकडे कुणी नव्हतं.

मी उतरले. गुडघे चोळत पुढे गेले, जिलच्या काचेशी थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "बंद!"

तिनं डोळे मिटून घेतले. "ऐकलं," म्हणाली.

गेट उघडून मी खांबाशी उभी राहिले. एकेक गाडी गेली, माझीसुद्धा, ती क्लॉडनं नेली. सगळ्या गेल्यावर गेट ओढून आणलं, वेढ्यात दांडकं घातलं आणि पीळ डावीकडे द्यायला लागले. सोडायला हात सरावलेला होता, द्यायला नव्हता. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा बसला. पलीकडे जिल गाडी चालू ठेवून थांबली होती, डावीकडचं दार उघडं ठेवून.